बंद झाल्यावर

पोटावर भोक पाडून तिथून शौचाची वाट काढायची, ती काही महिन्यांपुरती की जन्मभरासाठी, हे तुम्हीच ठरवा असं ज्या कुणाला डॉक्टरांनी सांगितलं असेल, त्याच्यासाठी हे लिहिते आहे. मला सांगितलं तेव्हा असं काही वाचायला मिळालं नव्हतं आणि विचारावं असं माणूसही जवळ नव्हतं. आता मी शाळेतून निवृत्त झाले आहे. आजार परत आला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आजारी असताना मला कुणाचीही हकिकत शेवटपर्यंत ऐकवत नसे. ते माणूस जगलं की नाही, एवढंच मला हवं असायचं. मी जगले. पण पुढचं वाचताना ते बाजूला ठेवा, कारण तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

*

भूम तालुक्यातल्या ईटला मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. माझे पती गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचे. घरात सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, आणि आठवीतली मुलगी सुजाता. बहात्तरच्या दुष्काळाला दहा-बारा वर्षं झाली होती आणि पुन्हा लागोपाठ पाऊस हुकला होता. लोकांनी जनावरं विकली, तसं संस्थेत येणारं दूध आटलं. कॅन नुसते धुवून ठेवायचे दिवस आले.

शेतं अशी उघडी पडली होती की आडोशाला ज्वारीचं धाटसुद्धा उरलं नव्हतं. आमच्या वस्तीतल्या बायका दिवस उगवायच्या आत परसाकडला जायच्या, त्या ओढ्याच्या पार पलीकडं, कारण जवळ लपायला जागाच नव्हती. रक्त पडतंय हे मला तिथंच कळलं. लवकर उजाडायला लागलं तसं दिसायला लागलं. शेजारच्या मालनबाईनंही बघितलं आणि पायानं वर माती लोटली.

भूमच्या डॉक्टरांना मूळव्याध वाटली. मलाही तीच हवी होती, म्हणून मी जास्त काही सांगितलं नाही. ताक प्यायचं, तिखट सोडायचं, असं करत अख्खा उन्हाळा काढला. मग वर्ग चालू असताना उठून जावं लागायला लागलं. जायचं, आणि काहीच व्हायचं नाही, नुसतं रक्त आणि शेंब. पोरांना पाढे म्हणायला लावून मी बाहेर पळायची. ब्लाउज अंगात सैल झाले. एक दिवस पाढे संपून पोरं गप्प बसलेली होती आणि मी शाळेच्या भिंतीमागून उठू शकत नव्हते. त्या संध्याकाळी ह्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही बार्शीला गेलो.

बार्शीच्या डॉक्टरांनी बोटानं तपासलं. तपासून झाल्यावर मला बाहेर बसायला सांगितलं आणि ह्यांना आत बोलावलं. मला तिथंच कळायला हवं होतं. पण मी बाकावर बसून समोरच्या बाईच्या लेकराला खेळवत बसले.

भूमपर्यंत एसटीत हे खिडकीबाहेर बघत राहिले. भूमच्या स्टँडवर ईटच्या गाडीची वाट बघताना मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. गाठ हाय म्हणाले. कसली? सोलापूरला दाखवा म्हणाले.

"अवो, पण कसली गाठ?"

ते उठले आणि ईटची गाडी लागली का बघून येतो म्हणून चालायला लागले. ईटची गाडी आमच्या पुढ्यातच उभी होती. ते तिच्यावरची पाटी वाचत उभे राहिले, कितीतरी वेळ. तो शब्द मला कुणी सांगितला नाही. त्या पाठमोऱ्या माणसाकडं बघून मला तो कळला.

*

सोलापूरच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल आल्यावर तिथले सर्जन पुन्हा ह्यांच्याशीच बोलायला लागले. मी म्हणाले, डॉक्टर, मी शिक्षिका आहे, मला सांगितलेलं कळतं. आजार माझ्या पोटात आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खुर्ची माझ्याकडं फिरवली. ते फार बोलणारे नव्हते, पण त्यानंतर त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही.

आतड्याचा कॅन्सर होता, अगदी खालच्या टोकाला, गुदद्वाराच्या जवळ. दोन मार्ग होते. पहिल्यात खालचा सगळा भाग, गुदद्वारासकट, काढून टाकायचा आणि ती जागा कायमची शिवून टाकायची. आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर आणायचं. जन्मभर शौच तिथून. दुसऱ्यात गाठ कापून वरचं-खालचं टोक एकमेकांना जोडायचं, आणि ते जोडलेलं भरून येईपर्यंत वरच्या बाजूला पोटावर तात्पुरतं तोंड काढायचं. तीनेक महिन्यांनी तपासून ते बंद करायचं.

"मग दुसरंच करा," हे लगेच म्हणाले.

डॉक्टरांनी हात वर केला. गाठीच्या खाली फार जागा नव्हती. जोडलेलं टिकेल याची खात्री नव्हती. आजार थोडाही मागं राहिला तर तिथंच परत येण्याची भीती होती. आणि सगळं नीट झालं तरी शौचावर पूर्वीइतका ताबा राहील असं ते सांगू शकत नव्हते. आठवडाभरात ठरवा म्हणाले. जाताना त्यांनी सिस्टरला सांगितलं, की गोदाबाई आल्या आहेत, ह्या बाईंची त्यांच्याशी गाठ घालून द्या.

गोदाबाई मोहोळकडच्या शेतकरी होत्या. त्यांचं कायमचं झालेलं होतं, आणि त्या डॉक्टरांना दाखवायला आल्या होत्या. पडद्याआड नेऊन त्यांनी लुगडं सैल केलं, पोटावरचं फडकं बाजूला केलं आणि मला बघ म्हणाल्या. लाल, ओलं, नाण्याएवढं काहीतरी होतं, जिवंत माणसाच्या आतलं बाहेर आलेलं. ते हललं. गोदाबाई म्हणाल्या की खुरपायला जाते, सगळं करते, सवय झाली. त्यांचा चेहरा चांगला होता. मी तो बघितलाच नाही. मी बाहेर येऊन भिंतीला धरून ओकले.

आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेल्या चार धोक्यांपैकी एकही माझ्या डोक्यात उरला नाही. एकच शब्द उरला: तात्पुरतं. हे म्हणायचे, तीन महिन्यांचा तर प्रश्न हाय. मीही तेच म्हणायची. आम्ही दोघं तो शब्द एकमेकांना देत-घेत राहिलो. आत्याबाईंनी एकदाच विचारलं, की जिवाला कशात कमी धोका हाय ते डॉक्टरला इचारलं का. ते आम्ही विचारलं नव्हतं.

*

शुद्धीवर आले तेव्हा पहिला हात पोटावर गेला. उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, केवढं तरी मोठं गाठोडं लागलं. गोदाबाईंचं नाण्याएवढं होतं. हे मुठीएवढं होतं, दोन तोंडांचं, खालून काचेची कांडी घातलेलं, सुजलेलं. तात्पुरतं असतं ते असंच असतं, सिस्टर म्हणाल्या. मला कुणी आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

त्यातून वाहायला लागलं तेव्हा मी झोपेत होते. कूस ओली झाली म्हणून जागी झाले आणि वासानं कळलं. मोठ्या बाईमाणसानं स्वतःच्या पोटावरून वाहणारं स्वतःचं शेण बघायचं, आणि ते थांबवायला अंगात कुठलाही स्नायू नाही, हे मला इथं दुसऱ्या कुठल्या शब्दात सांगता येत नाही. मी ओरडले नाही. वॉर्डात दहा खाटा होत्या आणि सगळ्या बायका जाग्या होत्या. मी चादर तोंडात धरली.

सकाळी मरियम सिस्टर आल्या. सोलापूरच्याच होत्या, दखनी वळणाचं मराठी बोलायच्या. त्यांनी कोमट पाणी, कापूस आणि पांढरं मलम घेतलं, आणि पुसताना मला भाजीच्या भावाबद्दल विचारत राहिल्या. नाक मुरडलं नाही, श्वास रोखला नाही. मी रडायला लागले तेव्हा म्हणाल्या, "रडा बाई, पण हाताकडं बघत रडा. उद्या तुम्हालाच करायचंय." त्या दिवसांत माझ्याशी कुणी एवढं सरळ बोललं नव्हतं.

आजसारख्या चिकटणाऱ्या पिशव्या आमच्या आवाक्यात नव्हत्या. कापसाची गादी, वर प्लास्टिक, वर कापडी पट्टा, असं बांधायचं. बांधलं की थोड्या वेळात सुटायचं. भोवतालची कातडी सोलून लाल झाली. पाणी लागलं तरी आग व्हायची, आणि पाण्याशिवाय तर एक दिवस जाणार नव्हता.

*

पाण्याचंच मोठं संकट होतं. गावात टँकर एक दिवसाआड यायचा. आधी गावच्या विहिरीत रिता व्हायचा, मग उरलंसुरलं आमच्या वस्तीच्या आडात. एका घराला ठरलेल्या घागरी. त्यात चार माणसांचं पिणं, रांधणं, आणि माझी फडकी. दिवसातून पाच-सहा वेळा बदलावी लागायची. आत्याबाईंनी अंघोळ सोडली आणि कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या केसांकडं बघून मला कळलं.

फडकी त्या धुवायच्या. मी धुते म्हणाले की माझ्या हातातून ओढून घ्यायच्या. एकदा मी नाकाला पदर लावून, स्वतःचाच वास मला सोसत नाही म्हणाले. त्या परातीत फडकं चोळत होत्या. थांबल्या नाहीत.

"वासाचं मला नको सांगू. मी सून म्हणून आले तवा ह्या गावची मेलेली ढोरं आमच्या माणसांनी वढली. ती घाण दुसऱ्याची हुती. छप्पनला सोडलं ते काम, हात जोडून सांगितलं, आता न्हाय. ही घाण आपल्या माणसाची हाय. ह्याचा मला काय वास येतुया?"

मी बौद्ध घरातली, शिकलेली. शिवाशिवीवर शाळेत बोलणारी. आणि मीच माझं ताट वेगळं करून ठेवलं होतं, माझा तांब्या वेगळा, माझी जागा दाराशी. मला कुणी सांगितलं नव्हतं. आत्याबाईंनी त्या दिवशी माझं ताट उचलून सगळ्यांच्या ताटांत घातलं. तरीही दुसऱ्या दिवशी मी ते परत काढलं. असं बरेच दिवस चाललं.

ह्यांचं वेगळंच होतं. संस्थेत जनावरांच्या खाद्याच्या पोत्यांना आतून प्लास्टिक असायचं. ते आणून, कापून, मेणबत्तीच्या ज्योतीवर कडा चिकटवून हे पिशव्या करायचे. ओसरीत बसून रोज करायचे, बोटं भाजेपर्यंत. दहा-दहा पिशव्यांची चळत उंबऱ्याच्या आत सरकवायचे आणि उठून जायचे. माझ्या पोटाकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. खाट ओसरीत टाकली होती. मी कपडे बदलायला लागले की ते गल्लीत जायचे.

आणि घरात एक बोलणं सुरू झालं होतं. सुजाताला बोर्डिंगात घालायचं का? ते बंद झाल्यावर बघू. भावाच्या पोरीच्या लग्नाला जायचं का? बंद झाल्यावर आपण निवांत जाऊन येऊ. मी शाळेत कधी रुजू व्हायचं? बंद झाल्यावर. हे ओसरीतून आत कधी यायचे, हे मी विचारलं नाही, पण उत्तर मला ठाऊक होतं. सुजाता मैत्रिणींना घरी आणायची नाही. एकदा मी म्हणाले, आण की. ती मान खाली घालून म्हणाली, "आई, बंद झालं की आणते." तेरा वर्षांची पोर. तिचा दोष नव्हता. आम्हीच तिला शिकवलं होतं.

*

तीन महिन्यांनी सोलापूरला गेले तेव्हा मी नवं लुगडं पिशवीत घेऊन गेले होते. बंद झाल्यावर नेसायचं म्हणून. खालून औषध सोडून एक्स-रे फोटो काढला. जोडलेल्या जागेतून औषध बाहेर झिरपत होतं. डॉक्टर म्हणाले, भरलेलं नाही, थांबावं लागेल.

पुन्हा तीन महिने. पुन्हा तेच.

दुसऱ्यांदा परत आले त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहायला मला अजून जड जातं. ऐन उन्हाळा होता. टँकर तीन-तीन दिवस यायचा नाही. कातडी फुटून रक्त यायला लागलं होतं. मी जेवण कमी केलं, मग जवळजवळ सोडलं, कारण खाल्लं नाही की वाहत नाही. मी कुणाशी बोलत नव्हते. सगळ्यांच्या वाट्याचं पाणी मी पिते आहे आणि घाण करून टाकते आहे, एवढंच डोक्यात फिरत राहायचं.

एका दुपारी आत्याबाई पाण्याच्या रांगेत असताना मी उठून चालायला लागले. वस्तीच्या मागं एक जुनी मोठी विहीर होती, कोरडी पडलेली. मी तिच्या काठावर जाऊन उभी राहिले. कशाला, ते मला माहीत होतं. खाली न बघता उभी होते. तेवढ्यात आतून एका बाईचा वैतागलेला आवाज आला.

"कोन हाय ते? कडंला हुबं ऱ्हाऊ नका, माती पडतीया आमच्या डोस्क्यावर."

खाली बघितलं तर दहा-बारा माणसं गाळ काढत होती. रोजगार हमीवर विहीर खोल करायचं काम त्याच आठवड्यात सुरू झालं होतं, आणि घरात कोंडून घेतल्यामुळं मला कळलंच नव्हतं. बायका टोपल्या उचलत होत्या. त्यांच्या डोक्यावर माझ्या पायाखालची माती गेली होती. मी मागं सरले. चुकलं म्हणाले. "आवं, बाई हाय का?" ती ओळखून म्हणाली. "कशी हाय तब्येत?" मी बरी आहे म्हणाले आणि तिथंच बाभळीखाली बसले. त्यांचं काम सुटेपर्यंत मी बसून राहिले. नंतर त्या बाया वर आल्या, आणि त्यातली एक माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आली. पट्टा सुटलेला होता, वास येत असणार. ती तिच्या जावेच्या कागाळ्या सांगत होती.

त्या दिवशी मला काही साक्षात्कार झाला नाही. मी घरी येऊन फडकं बदललं. पण रात्री जेवले. आणि आत्याबाईंना सांगितलं की मी विहिरीवर गेले होते. त्यांनी कशाला ते विचारलं नाही. त्या दिवसापासून त्या माझ्या अंथरुणाला अंथरूण लावून झोपायला लागल्या, माझ्या पदराचं टोक स्वतःच्या मुठीत धरून. हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात तसं येत असेल तर मी एवढंच सांगेन, की जवळच्या एका माणसाला ते तोंडानं सांगा. मी ते आधी सांगायला हवं होतं.

*

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. आजार परत आल्याची खूण नव्हती. पण जोडलेली जागा आवळून अरुंद झाली होती आणि झिरपणं थांबलं नव्हतं. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

पुन्हा दोन मार्ग होते. आणखी सहा-आठ महिने थांबायचं, ती जागा रुंद करत राहायची, कदाचित भरेल. भरली तर बंद करू. बंद केल्यावर दिवसातून किती वेळा जावं लागेल आणि किती थोपवता येईल, ते तेव्हाच कळेल. किंवा ती जागा काढून टाकायची, खालचं शिवायचं, उजवीकडचं बंद करून डावीकडं एकच नीट तोंड काढायचं. कायमचं. तिथून येणारं घट्ट असतं, सांभाळायला सोपं जातं.

"थांबू," हे म्हणाले. "इतकं थांबलो, आनखी थांबू."

डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हणाले, उद्या सांगते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही बसलो. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि आमचं असं भांडण कधी झालं नव्हतं. हे म्हणाले की कायमचं केलं की परत फिरता येणार नाही. मी म्हणाले, मला माहीत आहे. हे म्हणाले, आता थोडक्यासाठी हात टेकायचे का? डॉक्टरच म्हणतात कदाचित. मी म्हणाले, त्या कदाचितवर आपण वर्ष काढलं. त्या वर्षात घरात काय झालं ते त्यांना दिसलं नव्हतं असं नाही. पण ते त्यांच्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून मीच बोलले.

"मी वर्षभर घरात हाय, पण तुम्ही सगळे माझी वाट बघताय. ती बंद झालेली बाई यायची म्हणून. ती न्हाय यायची. मी हाय ती ही."

हे म्हणाले, "म्हंजे आता कधीच न्हाय?"

"कधीच न्हाय."

ते उठून गेले. मला वाटलं चहा आणायला गेले. संध्याकाळ झाली तरी आले नाहीत. ते ईटला निघून गेले होते. मी एकटीनं डॉक्टरांना निरोप दिला की कायमचं करा. त्यानंतरचे दिवस मी वॉर्डात भिंतीकडं तोंड करून काढले. माझा निर्णय बरोबर आहे असं मला एक क्षणही वाटलं नाही. उरलेलं आयुष्य, नवरा, सगळं एका वाक्यात फेकून दिलं असंच वाटत होतं. फक्त तीन महिन्यांनी काय होईल याची धाकधूक मात्र थांबली होती. तेवढी एक जागा मनात रिकामी झाली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे आले. बरोबर आत्याबाई होत्या. त्यांनीच आणलं असणार. हे खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. एवढंच म्हणाले, "भ्या वाटलं मला." मी म्हणाले, बसा.

थोड्या वेळानं डॉक्टर आणि मरियम सिस्टर आले. सिस्टरनी पडदा ओढला आणि ह्यांना बाहेर थांबा म्हणाल्या. मी म्हणाले, नको, ह्यांना थांबू दे. हे पडद्याशी थांबले, मान खाली घालून.

डॉक्टरांनी शाईचं पेन काढलं. गेल्या वेळी घाईत झालं, म्हणाले, या वेळी जागा तुम्हाला विचारून धरू. आधी उभी करून बघितलं, मग बसवून. पोटाला घडी कुठं पडते ते बघितलं. लुगडं नेहमी नेसता तसं नेसा म्हणाले. मी नेसले. फळ्यावर खालच्या ओळीत लिहिताना वाकता तशा वाका. मी वाकले. पोटाच्या डाव्या अंगाला बोट ठेवून ते म्हणाले, इथं चालेल? परकराची नाडी याच्या खाली येते ना?

मी हो म्हणाले.

"न्हाय," पडद्याकडून आवाज आला.

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. ह्यांनी मान वर केली होती. ते माझ्या पोटाकडं बघत होते, उघड्या, उजवीकडं लाल मांस बाहेर आलेल्या, सोललेल्या पोटाकडं, वर्षात पहिल्यांदा. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी नजर काढली नाही.

"ती खाली बसून भाकरी थापती तवा नाडी वर सरकती तिची. सारखी वढून खाली घेती. हितं केलं तर नाडी बरूबर त्याच्यावर यील." ते पुढं आले. त्यांनी बोट पुढं केलं, पण टेकवलं नाही. "जरा वर घ्या. हितं."

डॉक्टरांनी मला खाली बसायला सांगितलं. मी वॉर्डाच्या फरशीवर मांडी घालून बसले आणि हवेत भाकरी थापल्यासारखे हात केले. नाडी वर सरकली. डॉक्टरांनी खूण दोन बोटं वर केली.

*

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. बरं व्हायला बरेच महिने गेले. खालची जखम भरायला फार त्रास झाला. पुढं मी शाळेत रुजू झाले. पहिल्या आठवड्यात वर्गात पोटातून आवाज आला आणि पोरं हसली. मी त्यांना खरं काय ते सांगितलं, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी गावभर केलं. ते बरं झालं. मला परत कुणाला सांगावं लागलं नाही. हे सगळं सोपं झालं असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या पंगतीत मी आजही टोकाला बसते. काही दिवस अजूनही रडण्यात जातात.

कायमचं घ्या की तात्पुरतं, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. माझ्याबरोबर वॉर्डात असलेल्या एका बाईचं तात्पुरतं नीट बंद झालं आणि ती हसत घरी गेली. डॉक्टरांना एवढं विचारा की बंद झालं नाही तर पुढं काय, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका. आणि पोटावर खूण करायच्या वेळी नुसतं आडवं पडून हो म्हणू नका. नेहमीचे कपडे घाला, खाली बसा, वाका, घरात जी कामं करता ती सगळी करून दाखवा. तुम्हाला रोज बघणारं माणूस जवळ असेल तर त्याला पडद्याच्या आत घ्या.